इपॉक्सीच्या आधीची संध्याकाळ : हाताने बांधलेल्या फिशिंग रॉडचे दोरे नीट कसे करावेत

रॉडवरचं शेवटचं गाइड, म्हणजे लाइन जिच्यातून जाते ती कडी, बांधून झालं, दोऱ्याचं टोक ओढून घेतलं, की नव्याने रॉड बांधणाऱ्याचा हात आपसूक इपॉक्सीच्या बाटलीकडे जातो. तिथेच थांबा. इपॉक्सी म्हणजे दोरा पक्का करायला त्यावर लावायचा, नंतर कडक होणारा लेप. ती पारदर्शक असते आणि दोऱ्यावर तिचा थर फुगीर बसतो, त्यामुळे खाली जे काही असेल ते भिंगाखाली धरल्यासारखं ठळक दिसतं. बोटाला न जाणवलेली लव थरातून वर डोकावते. दोऱ्याच्या दोन वेढ्यांमधल्या बारीक फटीतून ब्लँकची, म्हणजे रॉडच्या मूळ पोकळ कांडीची, काळी रेघ दिसू लागते. थर एकदा कडक झाला की दुरुस्तीचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सगळं कापून नव्याने बांधणं. इपॉक्सी लागायच्या आधी मात्र जवळजवळ प्रत्येक दोष थोडा दोरा आणि पंधरा-वीस मिनिटं खर्चून सुधारता येतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की बांधणी आणि इपॉक्सी एकाच दिवशी करू नका. मध्ये एक अख्खी संध्याकाळ फक्त सफाईला द्या. तासन् तास बांधून शिणलेल्या डोळ्यांना फट दिसत नाही, तीच दुसऱ्या दिवशी पहिल्या नजरेत दिसते.

उदाहरणासाठी सात फुटी कार्बनचा स्पिनिंग रॉड धरू. खाडीच्या तोंडाशी जिताडा किंवा तांबोशी गरवायला असा रॉड चालतो. त्यावर मुठीकडे एखाददुसरं दुपायी गाइड, पुढे टोकापर्यंत लहान एकपायी गाइड्स, आणि ए नंबरचा नायलॉनचा दोरा. गाइडचा पाय म्हणजे ब्लँकवर टेकणारी धातूची पट्टी. दोऱ्याच्या एका फेऱ्याला इथे वेढा म्हटलं आहे आणि एका पायावरच्या सगळ्या वेढ्यांना मिळून गुंडाळी. मोठ्या मासळीच्या जाड रॉडला डी नंबरचा दोरा वापरला असेल, तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे. फक्त जाड दोऱ्यात फटी आणि टोकं दोन्ही जास्त उठून दिसतात.

हाताशी काय हवं

बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये दोरा सपाट दिसतो. दिवा रॉडच्या पातळीला आणून आडवा प्रकाश टाकला की प्रत्येक वेढ्याची सावली पडते आणि फट स्वतःहून समोर येते. रॉडच्या मागे दोऱ्याच्या उलट रंगाचा पुठ्ठा उभा करा. फिक्या दोऱ्यामागे काळा, गडद दोऱ्यामागे पांढरा. लव पाहायला याहून सोपा उपाय नाही. जोडीला एक साधं भिंग ठेवा.

दाढीची कोरी ब्लेडं घ्या आणि ती सढळपणे वापरा. एका रॉडला दोन-तीन लागली तरी चालतील, बोथट ब्लेड दोरा कापत नाही, फाडतं. घोटणी म्हणून, म्हणजे दोऱ्यावरून फिरवून वेढे सारखे बसवायला, कुठलीही गुळगुळीत, टणक, कोर नसलेली वस्तू चालते : जुन्या टूथब्रशचा घासलेला दांडा, बॉलपेनचं टोपण, जाड क्रोशाच्या सुईचा मागचा भाग. आधी ती स्वतःच्या नखावरून फिरवून पाहा. कुठे बारीकसा ओरखडा जाणवला तर ती दोऱ्यावर नको.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा स्पिरिट लॅम्प प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. पुसण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझर त्याच्या जागी वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. सर्जिकल स्पिरिटमध्येही तेलकट पदार्थ मिसळलेला असू शकतो. याशिवाय इअरबड, चष्मा पुसायचं कापड आणि पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे. रॉड टेकवायला पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना व्ही आकाराच्या खाचा केल्या आणि खाचेत मऊ कापड चिकटवलं की पुरे.

क्रम का पाळायचा

सफाईची कामं एकमेकांत गुंतलेली आहेत. गाइड सरळ करायला हलवलं की पायाजवळचे वेढे सरकतात, म्हणून ते काम सर्वांत आधी. फटी मिटवायला घोटलं की दोऱ्याची लव उठते, म्हणून लव जाळणं घोटण्यानंतर. ज्योत फिरवताना एखादं टोक लांब राहिलं असेल तर ते वितळून त्याची टणक गोळी होते, म्हणून टोकं ज्योतीच्या आधी कापायची. आणि अल्कोहोल पेट घेतं, म्हणून पुसणं लॅम्प विझवून झाकल्यावरच. हा क्रम उलटापालटा केला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

१. गाइड्सची रेष

आधी टिप-टॉप, म्हणजे टोकावरची कडी, रील सीटच्या, म्हणजे रील बसवायच्या जागेच्या, मध्याशी जुळते का ते पाहा. ती बहुतेक वेळा गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. तिच्या नळीला क्षणभर ऊब दिली की ती फिरते. ब्लँकला ज्योत लागू देऊ नका.

आता गाइड्स खालच्या बाजूला येतील असा रॉड धरा आणि मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहा. प्रत्येक कडीचा डावा आणि उजवा भाग ब्लँकच्या दोन्ही बाजूंनी सारखाच डोकावला पाहिजे. मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. मग रॉड उलटा करून टोकाकडून मुठीकडे पाहा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं तर गाइड सरळ आहे. मोठ्या गाइडपासून सुरुवात केली की नजर बसते आणि लहान कड्या सोप्या जातात.

वाकडं असेल तर गाइडच्या चौकटीच्या बुडाशी अंगठा लावून हळू दाबा. कडीला धरून फिरवू नका. तिच्यातली सिरॅमिकची रिंग निसटू शकते आणि चौकटही वाकते. अंगठ्याच्या ठाम दाबाने गाइड किंचित सरकावं आणि सोडल्यावर तिथेच राहावं, इतकाच ताण दोऱ्यात असायला हवा. दाबूनही तसूभर हलत नसेल तर गुंडाळी फार घट्ट आहे. पातळ भिंतीच्या कार्बन ब्लँकला असा आवळलेला दोरा घातक असतो. मासा लागून रॉड वाकतो तेव्हा पायाच्या टोकाशी जोर एकवटतो आणि ब्लँक तिथेच तडकतो. अशी गुंडाळी काढून पुन्हा बांधा.

सगळी गाइड्स जुळली की रॉड बाजूला ठेवून थोड्या वेळाने पुन्हा एकदा पाहा. एकाच रेषेकडे टक लावून पाहिलं की डोळा चूक सामावून घेऊ लागतो.

२. फटी आणि घोटणं

खरी मेहनत इथे आहे. आडव्या प्रकाशात रॉड हळूहळू फिरवत प्रत्येक गुंडाळी पूर्ण फेरीभर पाहा. फटी तीन प्रकारच्या दिसतील आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली मोकळ्या ब्लँकवरची फट. बांधताना वेढे जेमतेम टेकले, पण एकमेकांना भिडले नाहीत. घोटणी जवळजवळ आडवी धरा आणि गुंडाळीच्या बाहेरच्या कडेकडून गाइडच्या दिशेने, हलक्या हाताने, रॉड फिरवत फिरवत घोटत जा. वेढे एकमेकांकडे सरकतात आणि फट मिटते. दाब किती? घोटणी दोऱ्यावरून घसरली पाहिजे, रुतायला नको. दोरा चकचकीत आणि चपटा दिसायला लागला की समजा दाब जास्त झाला. तिथल्या तंतूंना इजा होते आणि लव दुप्पट उठते. एकाच जागी घासत बसण्यापेक्षा पूर्ण गुंडाळीवरून तीन-चार हलक्या फेऱ्या घेणं बरं. सोनेरी-रुपेरी मेटॅलिक दोऱ्यावर घोटणी जवळजवळ टेकवूच नका, त्यावरची चकाकणारी पट्टी सोलून निघते. तिथे नखाच्या पाठीने वेढे सरकवा.

घोटताना एकपायी गाइडकडे विशेष लक्ष द्या. दोऱ्याचे शेवटचे काही वेढे कडीच्या चौकटीपुढे, ब्लँकवर टाकून पाय कुलूपबंद करण्याची पद्धत आहे, तिला फोरहन रॅप म्हणतात. तसे वेढे टाकले असतील तर जोरात घोटल्याने ते चौकटीवर चढू शकतात आणि मग पाय पुढे निसटायला मोकळा होतो. ते वेढे उलट बाजूने, चौकटीकडे हलकेच ढकलून बसवा.

दुसरी फट पायाच्या टोकाशी येते, दोरा ब्लँकवरून धातूवर चढतो तिथे. ए नंबरचा दोरा जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा. पायाचं टोक त्याहून जाड पायरीसारखं असेल तर दोरा त्यावर चढताना उडी मारतो आणि मागे फट राहते. ही फट घोटून मिटत नाही. घोटून मिटल्यासारखी वाटली तरी दोरा हळूहळू उतारावरून घसरतो आणि सकाळी ती पुन्हा हजर असते. उपाय मुळावरच करावा लागतो : गुंडाळी काढा, पायाचं टोक बारीक कानशीने घासून कागदाइतकं पातळ उतरतं करा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खालच्या बाजूला कानशीने उठलेली धारदार कोर असते, तीही घासून काढा. ही कोर राहिली तर ती ब्लँकवर घासत राहते आणि कार्बनवर ओरखडा पाडते. कितीतरी रॉड अशा अदृश्य ओरखड्यावरून मोडतात, आणि दोष मात्र ब्लँकला दिला जातो. शक्य असेल तर सगळ्या गाइड्सचे पाय बांधायच्या आधीच असे घासून घ्या. मग या फटीचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी जागा पायाच्या दोन्ही बाजूंना. गोल ब्लँक, त्यावर उभा राहिलेला पाय आणि दोघांवरून ताणून गेलेला दोरा यांच्यामध्ये पायाच्या लांबीइतका बारीक बोगदा राहतो. तो मिटवता येत नाही आणि मिटवायचाही नाही. फक्त चौकटीकडचं त्याचं तोंड उघडं आहे ना ते बघा. इपॉक्सी लावताना तिथून ती आत सोडायची असते. तोंडाशी गोंदाचा गोळा अडकला असेल तर आत हवा कोंडून राहते आणि इपॉक्सी कडक होत असताना बुडबुडे होऊन वर येते.

आता ज्यावर घोटणीचा इलाज नाही असे दोष. दोरा स्वतःवरून ओलांडून गेला असेल, घोटूनही दोऱ्याच्या जाडीइतकी फट उरत असेल, किंवा दोऱ्याचा एखादा तंतू कापला गेला असेल, तर गुंडाळी काढून टाका. मन मागेपुढे होतं, एवढं कोण बघणार असं वाटतं. पण तो रॉड पुढची कित्येक वर्षं तुमच्याच हातात असणार आहे आणि ती फट तुम्हाला प्रत्येक वेळी दिसणार आहे. काढताना एक पथ्य पाळा : ब्लेड कायम गाइडच्या पायावर, धातूवर चालवा. ब्लँकवर कधीही कापू नका. पायाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने एक हलका छेद दिला की सगळे वेढे एकदम सुटतात.

३. कडा

गुंडाळीचा पहिला आणि शेवटचा वेढा ब्लँकला काटकोनात असावा. रॉड फिरवला की कड एका जागी स्थिर दिसली पाहिजे. ती पुढेमागे डुलत असेल तर वेढा तिरका आहे. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड ब्लँकवर टेकवून, रॉड फिरवत, तिरका वेढा आत ढकला. दुपायी गाइडच्या दोन्ही गुंडाळ्या सारख्या लांबीच्या आहेत का ते कागदाच्या पट्टीवर खुणा करून ताडून पाहा. एका वेढ्याचा फरक डोळ्याला कळत नाही, चार वेढ्यांचा कळतो.

४. टोकं

प्रत्येक गुंडाळीला दोन टोकं असतात. सुरुवातीचं, जे पहिल्या काही वेढ्यांखाली दाबून टाकलेलं असतं, आणि शेवटचं, जे दोऱ्याच्या फासातून ओढून वेढ्यांखाली घेतलेलं असतं. इपॉक्सीनंतर जे बारीक टेंगूळ बोटाला लागतं, ते बहुतेक वेळा यांपैकी एकाचं असतं.

टोक ओढल्याबरोबर कापू नका. आधी घोटून घ्या, म्हणजे वेढे आपापल्या जागी बसतील. मग टोक चिमट्याने धरून किंचित ताणा. इतकं, की वेढ्यांखालून ते आणखी केसभर बाहेर येईल. ताणलेलं असतानाच कोऱ्या ब्लेडची धार दोऱ्यावर टेकवा आणि एकाच हालचालीत कापा. ब्लेडची दिशा ब्लँकपासून दूर, वर असावी. ताण सुटला की कापलेलं टोक आपोआप मागे, वेढ्यांखाली ओढलं जातं. वर घोटणी एकदा फिरवली की जागा सापडतही नाही. करवतीसारखं पुढेमागे कापलं तर शेजारचा वेढाही कापला जातो आणि ती गुंडाळी गेली.

दुसरी पद्धतही चांगली आहे, पण तिला सराव लागतो. फास ओढायच्या आधीच टोक इतकं आखूड कापायचं, की ओढल्यावर ते वेढ्यांखालीच राहील आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येणारच नाही. फास पूर्ण निसटतो, टोक आतच थांबतं, आणि बाहेर कापायला काही उरतच नाही. अंदाज चुकून टोक फार आखूड झालं तर शेवटचा वेढा सुटतो. त्यामुळे नवशिक्याने हे आधी पेन्सिलीवर दोरा गुंडाळून करून पाहावं.

सगळी टोकं रॉडच्या एकाच बाजूला, एका रेषेत ठेवलीत तर ती शोधायला आणि तपासायला सोपी जातात. टोक गाइडच्या पायाला खेटून जाऊ देऊ नका. तिथे आधीच बोगदा आहे. त्यात टोकाची भर पडली की वर उंचवटा येतो.

५. लव

नायलॉनच्या दोऱ्याला थोडी लव असतेच, आणि हाताळून, घोटून ती वाढते. काळ्या पुठ्ठ्यासमोर आडव्या प्रकाशात ती स्पष्ट दिसते. एकही तंतू उभा राहिला तर इपॉक्सी त्याच्याभोवती चढते आणि वाळल्यावर तिथे खरखरीत बिंदू राहतो.

स्पिरिट लॅम्प पेटवा, वात लहान ठेवा. मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा नको, त्यांची काजळी दोऱ्यावर बसते आणि फिक्या दोऱ्यावरून ती पुन्हा निघत नाही. रॉड दोन्ही हातांनी सतत फिरवत ठेवा आणि गुंडाळी ज्योतीच्या कडेजवळून झपकन न्या. ज्योतीत धरायची नाही, वर थांबवायची नाही. क्षणाचा अंश पुरतो, कारण उभा तंतू इतका बारीक असतो की त्याला जळायला वेळच लागत नाही. नायलॉन २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, त्याच्या जातीनुसार. ब्लँकमधलं रेझिन त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ पडतं. त्यामुळे एका जागी रेंगाळलेली ज्योत दोऱ्याआधी ब्लँकला इजा करते आणि ती वरून दिसतही नाही. पुन्हा पुन्हा, थंड होऊ देत, झटपट फेऱ्या घ्या.

पहिल्या वेळी एखाद्या भंगार काठीवर किंवा जुन्या रॉडच्या तुकड्यावर दोरा गुंडाळून सराव करा. मेटॅलिक दोऱ्याजवळ ज्योत अजिबात नेऊ नका. ज्यांना ज्योतीची भीती वाटते त्यांच्यासाठी ब्लेडचा मार्ग आहे : कोरं ब्लेड गुंडाळीवर जवळजवळ सपाट टेकवून उभे तंतू दाढी करावी तसे काढायचे. वेळ जास्त लागतो, पण धोका कमी.

ज्योतीनंतर नखाची पाठ गुंडाळीवरून फिरवा. कुठे बारीक टणक कण लागला तर ती वितळलेल्या तंतूची गोळी आहे, ती ब्लेडच्या टोकाने अलगद उचला.

६. खुणा, गोंद आणि तेल

लॅम्प विझवा, झाकण घाला, थंड होऊ द्या. मगच अल्कोहोलची बाटली उघडा, आणि खिडकीही.

मेणाच्या पेन्सिलीने ब्लँकवर केलेल्या खुणा, गाइड धरून ठेवायला लावलेल्या टेपचा चिकटपणा, पायाखालून बाहेर आलेला गोंद हे सगळं गुंडाळीच्या कडेला साचलेलं असतं, आणि नेमकी तिथेच इपॉक्सीने ब्लँकला घट्ट धरायला हवं. इअरबड अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, ब्लँकवर गुंडाळीच्या कडेपर्यंत पुसा. प्रत्येक गुंडाळीला नवा बड. दोऱ्यावर घासू नका. काही दोऱ्यांचा रंग सुटतो, आणि घासल्याने लव पुन्हा उठते.

आता तेल. आपल्या घरांत हा मोठा प्रश्न आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. डोक्याला लावलेलं खोबरेल, स्वयंपाकघरातून आलेला हात, फोडणीची वाफ यांचा पातळ थर रॉडवर बसतो. त्याहून वाईट सिलिकॉन : केसांचं सीरम, गाडीचं पॉलिश, कुलपाला मारायचा स्प्रे, काही हँडक्रीम्स. सिलिकॉनचा अंश जरी लागला तरी इपॉक्सी तिथून मागे सरते आणि थरात गोल खड्डे पडतात. वरून आणखी इपॉक्सी ओतून ते भरत नाहीत. त्यामुळे या संध्याकाळपासून रॉडला उघडा हात लावायचा नाही. हात साबणाने धुवा, कोरडे करा, हातमोजे घाला. ज्या खोलीत रॉड आहे तिथे स्प्रे मारायचे नाहीत, हेही घरात सांगून ठेवा. हाताचा घामही फिक्या दोऱ्यावर डाग ठेवतो, आणि इपॉक्सीखाली तो डाग गडद होतो.

७. रंगाचा निर्णय

साधा नायलॉनचा दोरा इपॉक्सी पिऊन अर्धपारदर्शक होतो. रंग दोन-तीन छटा गडद होतो आणि खालचा ब्लँक, गाइडचा पाय, आत दाबलेली टोकंसुद्धा दिसू लागतात. काळ्या ब्लँकवरचा पिवळा दोरा हिरवट दिसायला लागतो. काहींना हीच खोली आवडते आणि गडद लाल किंवा निळ्या दोऱ्यावर ती खरंच देखणी दिसते. तुम्हाला काय मिळणार हे आधीच पाहायचं असेल तर उरलेला दोरा ब्लँकच्या तुकड्यावर गुंडाळून त्यावर अल्कोहोलचा थेंब सोडा. ओला असेपर्यंत तो साधारण इपॉक्सीनंतरच्या रंगाचा दिसतो.

मूळ रंग राखायचा असेल तर कलर प्रिझर्व्हर लावायचा, तो आताच, सगळी सफाई झाल्यावर. दोरा पूर्ण भिजेल इतका लावा, जास्तीचा ब्रशने टिपून घ्या, वाळू द्या, मग दुसरा हात. अर्धवट भिजलेला दोरा इपॉक्सीत चट्टेदार होतो, आणि अर्धवट वाळलेला प्रिझर्व्हर थराखाली ढगाळ राहतो. शेवटच्या हातानंतर किमान एक दिवस थांबा, पावसाळ्यात दोन. दोऱ्याच्या रिळावर एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर) लिहिलं असेल तर त्याचा रंग मुळातच टिकतो, त्याला प्रिझर्व्हर लागत नाही. मात्र एनसीपी दोऱ्याला लव जास्त असते, तेव्हा पाचव्या पायरीवर त्याला जास्त वेळ द्या.

८. हवा, पंखा आणि पाऊस

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, आणि हौशी गरवणारेही बहुतेक घरीच असतात. त्यामुळे रॉड बांधायला सवड मिळते ती नेमकी याच दिवसांत. आणि इपॉक्सीला सगळ्यांत प्रतिकूल हवाही याच दिवसांत असते. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. अशा हवेत इपॉक्सीतलं हार्डनर, म्हणजे तिला कडक करणारा घटक, ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग करतं आणि वर मेणचट, धुरकट पापुद्रा येतो. नायलॉन स्वतःही हवेतला ओलावा शोषून घेतं.

पावसाळ्यात बांधणी आणि सफाई खुशाल करा, पण इपॉक्सीसाठी कोरडी खोली मिळवा. एसी असेल तर तो ड्राय मोडवर काही तास चालवून खोली कोरडी करा आणि रॉड आधीपासूनच त्या खोलीत ठेवा, म्हणजे दोराही कोरडा होईल. एसी नसेल तर सप्टेंबरअखेरीपर्यंत थांबणं हा कमीपणा नाही. सफाई झालेला रॉड स्वच्छ कापडी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या नळीत बंद करून ठेवला तर महिनाभरही काही बिघडत नाही. फक्त इपॉक्सीच्या दिवशी आडव्या प्रकाशात पुन्हा एकदा पाहा आणि ब्लँक पुन्हा पुसा.

इपॉक्सीच्या तासभर आधी खोली ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि छताचा पंखा बंद करा. पंखा चालू असेल तर पात्यांवरची धूळ थेट थरात येते. संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे पावसाळी किडे ओल्या इपॉक्सीत अडकतात, म्हणून हे काम सकाळी, खिडक्या बंद करून करावं. गुंडाळीवरची धूळ तोंडाने फुंकू नका, फुंकरीत बाष्प असतं. कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर वापरा.

पहिल्या थरानंतरही एक संधी आहे

इतकं करूनही एखादा तंतू सुटतोच. म्हणून पहिला थर पातळ ठेवा, दोरा भिजून त्याचा पोत वर दिसत राहील इतकाच. या थराचं काम दोऱ्यात आणि पायाशेजारच्या बोगद्यांत शिरणं, चकाकी आणणं नव्हे. बोगद्याच्या उघड्या तोंडाशी आधी इपॉक्सी सोडा, रॉड हळू फिरवत राहा आणि ती दुसऱ्या टोकापर्यंत पोचल्याचं दिसलं की मगच उरलेल्या गुंडाळीवर पसरवा. जास्तीची इपॉक्सी ब्रशने उचलून घ्या.

हा थर चोवीस तासांनी कडक झाला की हातमोजे घालून बोट फिरवा. लव राहिली असेल तर ती आता ताठ झालेली असते आणि सहज सापडते. ब्लेड सपाट धरून ती थराच्या पातळीला कापा. टोकाचं टेंगूळ लागलं तर ६०० नंबरच्या पेपरने, पाणी लावून, फक्त तेवढ्याच जागी हलकं घासा. दोरा दिसायला लागण्याआधी थांबा, कारण कापलेला तंतू पुन्हा लव होतो. धुरकट मेणचट पापुद्रा जाणवला तर आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. मग सगळ्या गुंडाळ्या अल्कोहोलने पुसा, अल्कोहोल उडून जाऊ द्या, आणि दुसरा थर लावा.